धडा पहिला, पाचव्यांदा

आठवडाभर शिलाई मशीन चालवून रविवारी चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या शिंपीमास्तरांचं डोकं सणकलं. गावोगावच्या पाळकांना शिकवायला दरवर्षी नवा पाहुणा येई आणि पहिल्याच धड्यापासून सुरुवात करी: 'लोकांचं ऐकून कसं घ्यावं'. यंदा पाचव्यांदा तेच दळण!

मास्तर ताडकन उठले. "साहेब, हा धडा आम्हाला तोंडपाठ झालाय. परवा आमच्या मंडळीतल्या एका बाईचं लेकरू गेलं. तिच्यासमोर बसून काय बोलू, तेवढं सांगा."

"प्रश्न शेवटी घेऊ," पाहुणा घड्याळाकडे बघत म्हणाला.

मास्तर तरातरा पुढे गेले. पाहुण्याच्या हातातला खडू घेऊन त्यांनी फळ्यावरच्या 'धडा पहिला'समोर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गुरुजी नापास', आणि त्या बाईच्या घराची वाट धरली.