रडणारी ताई

या शहरातली दारं भारी आगाऊ. कडी लावायला नको, काही नको. वाऱ्यानं ढकललं की आपलीआपण कुलूपबंद. आमच्या गावातलं दार कसं गरीब, उघडं म्हणजे उघडं. त्याच सवयीनं मी शाळेतून आल्यावर कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि मागे खट्ट झालं.

किल्ली आत. गॅसवर ठेवलेलं दूध आत. पाच वर्षांचा धाकटा भाऊ आत. आई लाँड्रीत इस्त्रीला, सहाशिवाय यायची नाही.

दार उघड म्हणून मी हाका मारल्या. आतून फक्त खुसखुस हसू आलं.

करणी माझीच. परक्याला दार उघडायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. ते पक्कं व्हावं म्हणून मी रोज बाहेरून आवाज बदलून त्याची परीक्षा घ्यायचे. कधी गॅसवाला, कधी मावशी, कधी गोड बोलणारी खोटी ताई. उघडलं की चिमटा. पठ्ठ्या चांगलाच तयार झाला होता. गॅस बंद कर म्हणावं, तर शेगडीला हात लावायचा नाही हेही मीच शिकवलेलं.

शेजारची दोन दारं वाजवली. एकामागे कुत्रं भुंकलं, दुसऱ्यामागे कोणीच नाही. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा फस्स आवाज आला, आणि मग दाराच्या फटीतून गॅसचा वास. मी भोकाड पसरलं.

आतलं हसू थांबलं. "तू ताई नाहीस. माझी ताई रडत नाही."

खरंच होतं ते. रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये, वर्गात, सगळीकडे माझी घाबरगुंडी उडायची. त्याच्यापुढे मात्र मी शेर.

मी फ्रॉकला नाक पुसलं आणि दारावर थाप मारली. "ए माकडा, उघडतोस का देऊ एक ठेवून?"

लगेच स्टूल सरकलं. दार उघडलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या.

"ताई, बाहेर एक मुलगी रडत होती. मी मुळीच उघडलं नाही," तो म्हणाला. मग हळूच, "फार घाबरली होती गं ती."

मला राहवलं नाही. त्याला जवळ ओढून मी सांगितलं, ती मीच होते.

"तू घाबरतेस?"

"रोज."

"मीपण," तो म्हणाला. "तू हसशील म्हणून सांगितलं नाही."