सोमवारची खाकी पिशवी

मी नागोजीरावांच्या जुन्या पँटची शिवलेली खाकी पिशवी बोलतेय. माझ्या पोटावर हिरव्या दोऱ्याचं बेलाचं पान होतं. ते भक्तीनं काढलेलं नव्हतं, लोकांना दिसावं म्हणून काढलेलं होतं.

म्हैसुरात चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की नागोजीराव आणि सुमित्राबाई दर सोमवारी रेल्वेनं नंजनगूडला शंकराच्या दर्शनाला जातात. कुठलं काय! स्टेशनच्या वाटेनं निघायचं, मध्येच वळायचं आणि मनोरुग्णांच्या दवाखान्यात बाकावर जाऊन बसायचं. नागोजीरावांची दारू सुटावी म्हणून तिथं उपचार चालले होते. तपासणी, बोलणं, गोळ्या आणि दुपारी घरी परत.

हे लपवायचं कारण थोरले बंधू मालोजीराव. पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते, त्याची ऐट अजून उतरलेली नव्हती. "आपल्यात वेड्यांच्या दवाखान्यात कोणी जात नाही," ते ठणकावून सांगायचे. भाऊ पिऊन गटारात पडला तेव्हा मात्र घराण्याला काही झालं नव्हतं.

म्हणून परतताना सुमित्राबाई नारळ घ्यायच्या आणि दवाखान्याच्या पायरीवर फोडायच्या. तळाशी गोळ्या, वर प्रसाद. मालोजीराव खोबऱ्याचा तुकडा डोळ्यांना लावून तोंडात टाकायचे. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची.

डॉक्टर भला माणूस होता. "अम्मा, या गोळीवर दारूचा थेंबही चालत नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा," तो बजावायचा. बाई मान हलवायच्या. सांगितलं कुणालाच नाही.

तरी गुण आला. एकदा माझा बंद उसवला, तर नागोजीरावांनी स्वतः सुईत दोरा ओवला. ज्या हातांत कॉफीचा लोटा ठरत नसे, ते हात! बाईंनी दोरा ओढून काढला नि म्हणाल्या, "परत ओवा की." त्यांनी हसत परत ओवला. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक सुखाचा दिवस.

मग खंडेनवमी आली. जुन्या तलवारी पुजल्या. देवीला ब्रँडी दाखवायची आणि तीच तीर्थ म्हणून पुरुषांनी घ्यायची, ही त्या घरची रीत. मी खुंटीवर होते, गोळ्या पोटात घेऊन.

"नको दादा, मी सोडलंय," नागोजीराव म्हणाले.

"अय्यो, ही दारू आहे का रे? आईचं तीर्थ आहे, स्वल्प घे," मालोजीराव म्हणाले. "दर सोमवारी नंजनगूड करणारा माणूस तू, आणि तीर्थाला बेडा, नको म्हणतोस?"

नागोजीरावांनी बायकोकडे पाहिलं. बाई समईची वात पुढे सारू लागल्या. खरं बोललं तर सगळे सोमवार उघडे पडणार होते. नागोजीरावांनी हात पुढे केला.

थोड्याच वेळात चेहरा लालभडक झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास घेता येईना. जीव वाचला, पण धावपळीत माझ्यातल्या गोळ्या मालोजीरावांच्या हाती लागल्या. "हेच ते विष!" म्हणत त्यांनी त्या मोरीत ओतल्या. बाई रडल्या, पण गोळ्या कशाच्या ते तेव्हाही सांगितलं नाही. पुन्हा गोळ्या सापडतील या धास्तीनं त्यानंतर आमचा सोमवार झालाच नाही. नागोजीराव पुन्हा प्यायला लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले.

तेव्हा मी पहिल्यांदा नंजनगूड पाहिलं. माझ्यात त्यांच्या अस्थी होत्या.

तिथल्या कपिला नदीच्या घाटावर मालोजीराव डोळे पुसत म्हणाले, "पुण्यवान रे माझा भाऊ. इतके सोमवार केले, देवानं पायाशी घेतलं."

"भावजी, हे इथं कधी आलेच नव्हते," सुमित्राबाई म्हणाल्या. "दवाखान्यात जात होते. बरे होत होते."

मालोजीरावांनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल बाई, लोक ऐकतायत."

आता मी रेशनचे तांदूळ वाहते. बेलाचं पान बाईंनी उसवून टाकलं, सुईची भोकं तेवढी राहिलीत. तुमच्या घरातलं कुणी अशा उपचाराला जात असेल तर चारचौघांत सांगून जा. वाटेत नारळ घेऊ नका.