भिंतीकडे वळवलेला पोचा

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. अ‍ॅल्युमिनियमची, पिवळ्या मुलाम्याची; मुलामा आता नावालाच उरलाय. कोरियातल्या डोंगराखालच्या एका गावात पिल्सुन आजीचा नवरा दुसिक मला झुलवत भट्टीवर न्यायचा आणि तांदळाची दारू भरून आणायचा. वाटेत माझ्या चोचीतून एक घोट घ्यायचा, ते आमच्या दोघांतच राहायचं. काय दिवस होते ते! एका थंडीत तो बर्फावर घसरला. गुडघे फुटले, पण मला त्याने सोडलं नाही. माझ्या पोटाला मोठा पोचा पडला.

दुसिक गेला आणि मी फडताळात धूळ खात पडले. यंदा मुलाने आजीला सोलला न्यायचं ठरवलं. तिथलं घर लहान, म्हणून मी भंगारात जाणार होते. आजी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. निदान माझं चित्र तरी सोबत न्यावं म्हणून तिने रंग आणले.

आजवर तिने रंगवायच्या पुस्तकातली छापील फुलंच रंगवली होती. खऱ्या वस्तू समोर मांडायची ही पहिलीच खेप. तिने बुटकं मेज पुसलं. लाल बोरं पूर्वेकडे, माथा कापलेलं नासपती पश्चिमेकडे आणि मधोमध मी. माझा पोचा तिने भिंतीकडे वळवला.

कागदी खिडकीतून दुपारचं मऊ ऊन आत आलं. मला गुंगी आली. त्या गुंगीत भट्टीचा वास आला, दुसिकची शीळही ऐकू आली.

तेवढ्यात शेजारची कुमोक डोकावली. “अगं ताई, चित्र काढतेयस की म्हाताऱ्याचं श्राद्ध घालतेयस?”

“चल, काहीतरीच!”

“बघ की! पितरांपुढे मांडतात तसं सगळं ओळीत, फळाचा माथासुद्धा उडवलास. नमस्कार तेवढा राहिलाय.”

दोघी खळखळून हसल्या. मग आजीने मेजावरून नजर फिरवली. “मेज मांडायचं म्हटलं की हात तिकडेच वळतो गं.”

“आणि किटली का फिरवलीस?”

“पोचा आहे ना. पितरांपुढे असलं कोण ठेवतं?”

“अगं, तो तर तुझ्या म्हाताऱ्याचाच पराक्रम! बाकीची किटली काय, बाजारातही मिळेल.”

आजीने मला हळूच फिरवलं आणि पाहत राहिली. इतकं नीट मला कधीच कुणी पाहिलं नव्हतं. मी सुखावले. माझ्या पोच्यात खिडकी उतरली होती, आजीचे पांढरे केसही. ऊन कलेपर्यंत ती रंगवत होती. नासपती कुमोकने केव्हाच संपवलं होतं.

चित्रात माझी चोच वाकडी आली, झाकण घसरलं. पोचा मात्र हुबेहूब उतरला. मुलगा आला, त्याने त्यावर बोट ठेवलं. “बाबा पडले होते, तेव्हाचा ना हा?”

“तोच,” आजी म्हणाली आणि चित्र आपल्या रजईत गुंडाळू लागली.

मित्रांनो, मी आता भंगाराच्या गाडीत आहे. जुनं टाकू नका, असं मी म्हणणार नाही. घरं लहान असतात. पण टाकण्याआधी त्या वस्तूला एकदा उजेडात ठेवा, पोच्याची बाजू आपल्याकडे करा आणि डोळे भरून बघा. माझं काय, मी उद्या वितळेन. दुसिक मात्र सोलला पोचला.