क्रोमियमची ओळ

आबासाहेबांनी इंदुमतीला ओळखलं नाही. तिचं आडनाव सासरचं होतं आणि भावाच्या, अनंतच्या, खटपटीत ती कधी पुढे आली नव्हती.

शहराबाहेर आबासाहेबांचा कापड रंगवण्याचा कारखाना होता. त्याचं पाणी नाल्यात, नाल्यातून अनंतच्या विहिरीत. आधी म्हशी गेल्या, मग अनंतची मूत्रपिंडं. तो कारखान्याविरुद्ध अर्ज देत राहिला. तो गेला त्या वर्षी राज्याचे दोन भाग झाले, दफ्तरांची वाटणी झाली, आणि त्याची फाइल कुठल्या राज्यात गेली ते कुणालाच सांगता येईना. जमीन पडीक राहिली. त्याची बायको भामा पोटासाठी त्याच कारखान्यात कापडाचे तागे बांधायला जाऊ लागली.

विद्यानगरच्या ज्या प्रयोगशाळेत इंदुमती रसायनतज्ज्ञ होती, तिथे नवा अ‍ॅक्सिलरेटर बसला होता. इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन त्यांचा झोत सांडपाण्याच्या पातळ धारेवर सोडायचा; रंगाचे रेणू तुटतात. आबासाहेब आपलं पाणी पिंपांत भरून चाचणीला घेऊन आले.

जाड भिंतीपलीकडचं यंत्र ते पडद्यावर बघत होते. जांभळं पाणी फिकटलं, मग नितळ झालं.

"रंगच नाही म्हटल्यावर तक्रार कोण करणार, मॅडम?" ते खुशीत म्हणाले.

इंदुमतीला अनंतचे सुजलेले पाय आठवले. नमुना बदलणं, आकडा फुगवणं, सगळं तिच्या हातात होतं. पण तिला खोटं काहीच नको होतं, कारण खोटं उद्या कोर्टात मोडलं असतं. तिने तीन वेळा तपासणी केली. रंग गेला होता. पाण्यातला विषारी धातू, क्रोमियम, होता तेवढाच होता. झोतामुळे धातू जात नाही.

अहवाल वाचून आबासाहेबांनी क्रोमियमची ती एक ओळ काढायला सांगितली.

"अनंत माझा भाऊ," ती म्हणाली. "ही ओळ मी सकाळीच दोन्ही राज्यांच्या दफ्तरांत पोचवली आहे. या वेळी फाइल हरवायची तर दोन्हीकडे हरवावी लागेल."

आबासाहेबांनी अहवाल खाली ठेवला. मग त्यांनी हात जोडले. तिने ते जोडलेले हात नीट पाहून घेतले आणि दार उघडून धरलं.

पंधरवड्यात कारखान्याला सील लागलं. ग्राहकाचा अहवाल परस्पर बाहेर दिला म्हणून प्रयोगशाळेने इंदुमतीला घरी बसवलं. भामाचीही रोजी गेली. तोंड कसं दाखवावं, या विचारात इंदुमती तिच्याकडे गेली. भामाने चहा ठेवला, रोजीबद्दल चकार शब्द काढला नाही. इंदुमतीने आबासाहेबांचं सगळं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं,

"त्याने हात जोडले म्हणता?"

"हो."

"नीट? दोन्ही?"

"दोन्ही."

भामा चुलीपाशीच थांबली. "मला बोलवायचं होतंत, वन्सं," ती म्हणाली. "बघायचा हक्क माझा होता."