बिनडोळ्यांचा बुलबुल

जडीबल मोहल्ल्यात वर्षाचा पहिला बर्फ पडला की सफदरजू कुणाच्या हातून काही म्हणजे काही घेत नसे. त्या दिवशी बर्फ कशात तरी लपवून समोरच्याच्या गळ्यात मारायचा. त्यानं हातात घेतला की तो हरला, मग मागाल ते द्यायचं. कागदाच्या लगद्याच्या डब्या रंगवणारा हा म्हातारा आजवर एकदाही फसला नव्हता, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका!

या वेळी मात्र त्याच्या लेकीनं, मुगलीनं, कंबर कसली होती. तिचं काम काय, तर डब्या घासून गुळगुळीत करायच्या. कुंचला मागितला की बाप म्हणायचा, "नक्षी बायकांचं काम नाही." ऐकून ऐकून कान किटले होते तिचे. आणि उद्यापासून तो तिच्या आतेभावाला शेजारी बसवून शिकवणार होता. त्या घोड्याला धड रेघ मारता येत नाही!

सकाळी अंगण पांढरं दिसताच सफदरजू सावध झाला. रोट्या भाजणारा नानबाई सुला दारात आला.

"भिंतीवर ठेव आणि चालता हो."

"अहो, गरम आहेत!"

"म्हणूनच संशय येतो."

मुगलीनं शेकायला निखाऱ्यांची कांगडी दिली, तर त्यानं आधी राख उकरली. मिठाचा चहासुद्धा ढवळून बघितला. चहात बर्फ टिकतो का हो? पण नाही!

मग तो कामाला बसला. फळीवर वाळत घातलेल्या डब्यांवरून त्याची नजर फिरली आणि तो किंचाळलाच, "हे काय? बुलबुलाला डोळाच नाही! म्हातारा झालो मी, दुसरं काय!"

झटक्यात डबी उचलली, कुंचला बुडवला, डोळा काढला. मग बोटांना गार लागलं. झाकण उघडलं तर आत बर्फ.

"बर्फ मुबारक, बाबा!" मुगली दारात टाळ्या पिटत होती.

"ही लबाडी आहे! माझीच डबी, माझ्याच फळीवरची!"

"तुमची? नीट बघा की."

सफदरजूनं डबी उजेडात धरली. फूल न् फूल पाहिलं. त्यातली एकही रेघ त्याच्या हातची नव्हती.

"कधी शिकलीस?"

"तुमची पाठ वळली की."

"बोल, काय हवंय? मटणाचा गरमागरम हरीसा?"

"तुमच्या शेजारी बसून नक्षी काढायचीय. रोज."

"लोक काय म्हणतील गं?"

"सांगा, पैज हरलो. लोकांना तेवढंच ऐकायला आवडेल."

म्हातारा गुरगुरला. मग त्यानं स्वतः काढलेला ओला डोळा अंगठ्यानं पुसून टाकला आणि कुंचला तिच्यापुढे धरला.

"सगळं जमलं आणि डोळा तेवढा सोडलास होय! बस इथं, काढून दाखव. हात थरथरला तर हरीशावर भागव."

मुगलीनं फेरनची बाही मागे सारली आणि बापाच्या शेजारी बसकण मारली.