आकडा बरोबर होता

तान्ह्या बाळांची वजनं करणारा काटा आहे मी. वर पत्र्याचं पारडं, समोर घड्याळासारखी तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यात बनलो, खोक्यात बसलो आणि थेट आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हाती आलो.

सिस्टर मला सायकलच्या टोपलीत घालून बाळंतिणींच्या घरोघरी न्यायची. पारड्यात बाळ ठेवलं की सगळं घर माझ्यावर वाकायचं. वजन वाढलेलं दिसलं की आज्या म्हणायच्या, "हाड आमच्या घराण्याचं आहे." नाही वाढलं की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळायच्या. माणसांची ही खोड मला कधीच पटली नाही. पण मलाही मान मिळत होता, म्हणून मीही मिरवत होतो.

मग ते तिसऱ्या मजल्यावरचं घर आलं. तिथली बाळंतीण गणिताची शिक्षिका होती, नवरा बस चालवायचा आणि सासूबाई मदतीला आल्या होत्या. शिक्षिकेनं एक वही ठेवली होती. दूध किती वाजता पाजलं, बाळ किती झोपलं, लंगोट किती वेळा बदलला, सगळं रेघा मारून लिहिलेलं. सातव्या आठवड्यात मी साडेचार किलो दाखवले. सासूबाई खूश झाल्या. सिस्टर मला उचलायला निघाली आणि एकदम थांबली.

बाळ खिडकीकडे बघत होतं, सिस्टरकडे बघत होतं, आईकडे मात्र बघत नव्हतं. आईही एखादं पार्सल बांधावं तसं त्याला झटपट, अगदी बिनचूक, कपड्यात गुंडाळत होती. तोंडातून चकार शब्द नाही.

"आजी, जरा चहा टाकता?" सिस्टर सासूबाईंना म्हणाली. त्या आत गेल्यावर तिनं विचारलं, "लेक छान आहे. तू कशी आहेस?"

"बरी आहे."

सिस्टर उठली नाही. शेवटी शिक्षिका वहीकडे बघत म्हणाली, "सगळं करते मी. पण तिला उचललं की आत काही हलतच नाही. शेजारणीचं बाळ सांभाळायला घेतल्यासारखं वाटतं. ती झोपली तरी मला झोप येत नाही. मी नसते तर तिला बरी आई मिळाली असती."

"जीव द्यावा असं येतं का मनात?" सिस्टरनं सरळ विचारलं.

"तसं काही ठरवलं नाही. पण सकाळी जागच येऊ नये, असं वाटतं कधीकधी."

"सांगितलंस ते फार बरं केलंस. आपण आजच डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

माझा आकडा बरोबर होता, आणि त्या आकड्याच्या आडच ही बाई बुडत होती. त्या दिवशी माझी मिजास उतरली.

नवरा ड्यूटी संपवून आल्यावर सिस्टरनं सगळ्यांना बसवून सांगितलं. "पोटात बाळ असताना शरीरातली दोन संप्रेरकं चढत चढत शिखरावर जातात आणि बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांत धाडकन खाली येतात. मेंदूला शांत ठेवणारा एक पदार्थही त्यातूनच बनतो, तोही कमी होतो. बहुतेकजणी सावरतात. काहींचा मेंदू या घसरणीला फार हळवा असतो. वर झोप नाही. यात तिचा काही दोष नाही."

सासूबाई विचार करून म्हणाल्या, "म्हणजे रक्त गेलं तसं हेही गेलं?"

"तसंच समजा."

"मग भरून यायला वेळ लागणारच. तोवर मी आहे ना."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिला, अंगावर पाजताना चालेल असं औषध दिलं आणि दर आठवड्याला मोकळं बोलण्यासाठी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. सासूबाई आणि नवऱ्यानं आळीपाळीनं बाळ सांभाळून तिला सलग झोप मिळवून दिली.

"आणि बाळाशी बोलत जा," सिस्टर तिला म्हणाली. "बाळ आईच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं. मिळालं नाही की शोधणं सोडतं. पण उत्तर मिळायला लागलं की पुन्हा शोधतंही."

"काय बोलू? मला काही सुचतच नाही."

"मग पाढे म्हण."

तिनं खरंच पाढे म्हटले. आधी पुस्तकातलं वाचावं तसे सपाट, मग हळूहळू चालीवर. मधे काही दिवस पुन्हा वाईट गेले, औषधाचं प्रमाण बदलावं लागलं. चौथ्या महिन्यात मी त्या घरी गेलो तेव्हा बाळाला माझ्यात ठेवून ती म्हणाली, "बे एके बे." बाळानं मान वळवली. "बे दुणे चार." बाळ हसलं आणि पाय झाडायला लागलं. माझा काटा थरथरत राहिला, कुठल्याच आकड्यावर थांबेना.

"अगं, गप्प बस ना जरा, वजन करू दे," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे," सिस्टर म्हणाली. "आज नको."

काही वर्षांनी ती शिक्षिका दुसऱ्या बाळाच्या वेळी केंद्रात आली, ती तिसऱ्याच महिन्यात. "या वेळी आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली. सिस्टरनं तिच्या कागदावर आईसाठी वेगळ्या भेटी लिहून टाकल्या.

आता केंद्रात बटणाचा नवा काटा आला आहे. माझी स्प्रिंग सैल झाली आहे, मी कपाटावर निवांत बसलेला असतो. तक्रार नाही. एवढंच सांगतो. बाळ बघायला जाल तेव्हा त्याचं वजन जरूर विचारा. मग आईकडे वळा. ती "बरी आहे" म्हणाली, तरी लगेच उठू नका.