ओढायची राहिलेली दोरी

मी एक दोरी आहे. लाल, सुती, अंगठ्याएवढी जाड. शिड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या वर, हात पुरेल इतक्या उंचीवर, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली असते. मला ओढलं की घंटा वाजते, दिवा लागतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. काम एवढंच. पण त्या कामानं माझी झोप उडवली आहे, म्हणून आज बोलते.

मला बांधलं तेव्हा मोठे साहेब स्वतः स्टुलावर चढले होते. कारखान्याला नुकतंच गुणवत्तेचं वेड लागलं होतं. भिंतींवर पाट्या, सकाळी भाषणं, चहाच्या कपावरसुद्धा 'दर्जा' छापलेलं. साहेब म्हणाले, "काही चुकलेलं दिसलं की कुणीही ही दोरी ओढायची. झाडणाऱ्यानंसुद्धा. ओढणाऱ्याला कुणी बोलणार नाही, उलट मी त्याचे आभार मानीन."

आणि मानलेही. मला पहिल्यांदा ओढलं ते टकमावशीनं. ती पट्ट्याच्या शेवटी उभी असते. घडीची शिडी उघडली की मधला खटका 'टक' असा बसायला हवा. नाही बसला, तर माणूस वर असताना शिडी फाकते. मावशी शिडी उघडते, कान देते, टक ऐकते आणि पुढे सोडते. घरी कुणी डबा बंद केला तरी ती मान हलवून पसंती देते, असं पॅकिंगमधली तिची सून सांगते.

पण कौतुक फार लवकर शिळं होतं. पट्टा किती वेळ थांबला ते फलकावर दिसायला लागलं. "कुणी ओढली?" हा प्रश्न तोच राहिला, सूर मात्र बदलला. आधी त्यात काळजी असायची, पुढे कपाळावरची आठी ऐकू यायला लागली. माणसं शहाणी असतात. माझ्याकडे निघालेले हात वाटेत डोकं खाजवून खाली जाऊ लागले.

मग दर्जाच्या मानचिन्हासाठी परीक्षक येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी फोरमननं मला गोळा करून छताच्या दांडीला करकचून गाठ मारली. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. तो मावशीच्याच हाताखाली शिकलेला. माणूस वाईट नाही, त्याला फक्त फलक कोरा हवा होता. परीक्षकांना म्हणे माझा फोटो दाखवला. मान वर करून कुणी पाहिलं नाही.

ते पट्ट्याशी उभे असतानाच मावशीनं एक शिडी उघडली. टक आलं नाही.

तिचा हात सवयीनं वर गेला. मी तिथे नव्हते. तिची बोटं हवेत मिटली. ती तशीच वर बघत राहिली आणि तेवढ्यात शिडी पुढे सरकली, खोक्यात गेली, ट्रकमध्ये खोक्यांवर खोकी चढली.

"अरे, तिचा खटका बसला नाही," ती फोरमनच्या कानाशी लागून म्हणाली.

"मावशी, पाहुणे आहेत. नंतर बघू."

नंतर बघायला ट्रक उरला नव्हता.

मानचिन्ह मिळालं. शिडीवरून कुणी पडल्याची बातमी काही आली नाही. तेच वाईट झालं. बातमी आली असती तर ती एका घराची असती, आता ती कुठल्याही घराची आहे. पट्ट्यावर कुजबूज पसरली. जेवणाच्या सुट्टीत कुठे काही धाडकन पडलं की सगळे आपापल्या डब्यात बघायचे. रस्त्यात कुणी शिडीवर चढून पाटी रंगवत असलं की मावशी खाली उभी राहून खटका तपासायची, लोक तिला वेडी समजायचे. कामातही मधूनच तिचा हात आपोआप वर यायचा. परीक्षक गेले तरी मी वर गाठीतच अडकलेली, मला तो हात दिसायचा आणि मला फार भीती वाटायची.

मानचिन्हाचा समारंभ पट्ट्याशेजारीच ठेवला होता. पाहुण्यांना दिसावा म्हणून पट्टा चालू होता. "आमच्याकडे कुणीही काम थांबवू शकतं," साहेब सांगत होते. मावशीनं पट्ट्यावरची एक शिडी उचलली, माझ्याखाली उघडली, टक ऐकलं आणि ती वर चढली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली. आणि मला ओढलं.

घंटा वाजली. पट्टा थांबला. साहेबांचं भाषणही थांबलं.

"काय झालं, मावशी?"

"आज काही झालं नाही, साहेब. मी त्या दिवशीची ओढली."

तिनं वरूनच सगळं सांगितलं. फोरमन पुढे आला, शिडीचा पाय धरून उभा राहिला. साहेबांनी मानचिन्ह टेबलावर ठेवलं आणि पाहुण्यांसमोरच त्या दिवसाच्या सगळ्या शिड्या परत मागवायला सांगितल्या.

त्या येताहेत. मावशी एकेक उघडते. टक. परत टक. प्रत्येक शिडी चोख निघते आणि दर वेळी मावशीचा चेहरा पडतो. चांगल्या मालानं चेहरा पडलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. मी पुन्हा खाली आले आहे, हात पुरेल तिथे. आता मला कुणीही बिनधास्त ओढतं. पण जवळजवळ सगळ्या शिड्या परत आल्या, तरी ती एक अजून आलेली नाही.

तुमच्या जिन्याखाली, दारामागे एखादी घडीची शिडी असेल. आज ना उद्या दिवा बदलायला ती काढाल. उघडताना जरा गप्प राहा आणि ऐका. काही ऐकू आलं नाही, तर वर पाय ठेवू नका, मुलांनाही चढू देऊ नका. ती आमची आहे. मावशी न्यायला येईल.